ट्रॉलीचा ब्रेक कुणी लावायचा?

आमच्या आजोबांच्या बैलगाडीला ब्रेक होता. चाकांच्या मागे एक आडवं लाकूड, त्याच्या दोन टोकांना दोन ठोकळे आणि गाडीवानाच्या हाताशी येणारी दोरी. ओढ्याचा उतार आला की आजोबा ती दोरी खेचून धरायचे. ठोकळे चाकांच्या लोखंडी धावेला घासायचे, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा कर्रर्र आवाज व्हायचा आणि बैलांच्या मानेवर येणारा गाडीचा रेटा कमी व्हायचा. आजोबा त्याला ‘बिरिक’ म्हणायचे. गाडीत ऊस भरून भरून किती, तर दीड टन.

त्याच ओढ्यावरून आता डबल ट्रॉली उतरते. ट्रॅक्टर एक, ट्रॉल्या दोन, ऊस वीस-बावीस टन, कधी पंचवीससुद्धा. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, आणि तो नाही याचं कुणाला नवल वाटत नाही.

मी कॉलेजला असताना एकदा शेजारच्या अण्णांच्या ट्रॅक्टरवर मडगार्डवर बसून कारखान्याला निघालो होतो. ओढ्याच्या अलीकडे ड्रायव्हरने डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली. मागच्या ट्रॉल्यांनी ढकलायला सुरुवात केली तसा त्याने ब्रेकवर पाय दिला, मग पायावर सगळं अंग दिलं. ट्रॅक्टर हळू व्हायचं नाव घेईना. उलट मागून असा धक्का बसायला लागला की ट्रॅक्टरचं तोंड डावीकडे वळायला बघत होतं. गिअर टाकायला गेला तर दातऱ्यांचा नुसता खरखराट. “धर घट्ट,” एवढंच तो माझ्याकडे न बघता म्हणाला. समोरून सायकलवर येणारा एक पोरगा आमचा रंग बघून सायकलसकट उसात शिरला. पुलावरून आम्ही कसे गेलो ते मला आठवत नाही. पलीकडच्या चढानेच आम्हाला थांबवलं. ड्रायव्हरने खाली उतरून बिडी पेटवली. त्याच्या हातातली काडी तीनदा विझली.

त्या दिवशी मी समजत होतो की चूक ड्रायव्हरची. न्यूट्रल करायलाच नको होतं. ते खरंच आहे. पण पुढे इंजिनिअरिंगची चार पुस्तकं वाचल्यावर कागदावर हिशेब मांडून बघितला आणि माझं मत बदललं. आज माझं म्हणणं असं आहे की बिनब्रेकच्या ट्रॉलीचा दोष ड्रायव्हरकडे सगळ्यात कमी आणि ट्रॅक्टरमालकाकडे थोडासा जातो. सगळ्यात जास्त दोष जातो तो ज्याच्या काट्यावर ती ट्रॉली रोज वजनाला उभी राहते त्या कारखान्याकडे. आणि कारखाना सहकारी असेल तर तो आमच्यासारख्या सभासदांकडे येतो.

हिशेब ढोबळ आहे, कुणीही पडताळून बघावा. पन्नास एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर, चाकांवरची लोखंडी वजनं धरून, अडीच टनांचा. दोन रिकाम्या ट्रॉल्या साडेचार टनांच्या. ऊस २४ टन. एकूण ३१ टन. नेहमीच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते फक्त मागच्या दोन मोठ्या चाकांना आणि त्या चाकांवर वजन असतं पावणेदोन टनांच्या आतबाहेर. कोरड्या डांबरीवर टायरची पकड वजनाच्या साठ टक्के धरली, तर ही दोन चाकं मिळून रस्त्याला फार तर एक टनाच्या जोराने धरू शकतात. त्याहून जास्त दाबलं की चाकं जाम होऊन घसरतात. ब्रेक नवा आहे, ऑइलमधला आहे, कंपनी नामांकित आहे, यातल्या कशानेही हा एक टन वाढत नाही, कारण तो ब्रेकवर नाही तर चाकावरच्या वजनावर ठरतो.

एकटा ट्रॅक्टर ताशी ३० किलोमीटरवरून एवढ्या पकडीवर नऊ मीटरमध्ये थांबतो. तोच वेग, तेच ब्रेक, पण मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या असतील तर शंभर मीटर लागतात. टायरांच्या फिरण्याला रस्त्याचा जो विरोध होतो तो जमेस धरला तरी ऐंशीच्या आसपास. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गेलेले दहा-बारा मीटर त्यात धरलेले नाहीत. आणि हे झालं सपाट, कोरड्या रस्त्याचं.

उताराला गंमत वेगळीच होते. वीस मीटर अंतराला एक मीटर उतार असेल तर ३१ टनांची ही वरात दीड टनाहून थोड्या जास्त जोराने खाली ढकलली जाते. ब्रेकचा एक टन आणि टायरांच्या विरोधाचे चारशे किलो मिळून दीड टनही भरत नाही. म्हणजे पूर्ण ब्रेक दाबलेला असताना, चाकं जेमतेम घसरायच्या बेतात असताना, गाडीचा वेग वाढतच राहणार. आणि असा उतार शोधायला घाटात जावं लागत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत सपाट मुलखासाठी नेहमीचा चढ-उतार १:३० आणि मर्यादेचा १:२० धरलेला आहे. आमच्या भागातल्या जुन्या ओढ्यांवरच्या पुलांना तर निकष माहीतच नव्हते.

यावर अनुभवी ड्रायव्हर म्हणतात, आम्ही खालच्या गिअरला इंजिनावर धरतो. धरलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण इंजिनाची ओढ रस्त्यापर्यंत पोचते ती त्याच दोन चाकांतून. पकड तीच, एक टनच. पाय वाचतो, ब्रेक तापत नाही, वेग आधीच आवाक्यात राहतो, हे सगळे फायदे खरे. पकडीची मर्यादा मात्र जिथल्या तिथे. पाऊस झाला असेल किंवा फडातून निघालेल्या चाकांनी रस्त्यावर चिखल आणला असेल तर तीही निम्मी.

आता ट्रॉल्यांच्या सगळ्या चाकांना ब्रेक आहेत असं धरा. फार जोरदारही नकोत, एकूण वजनाच्या पाव भागाइतकेच धरणारे. तीच ३१ टनांची गाडी ताशी ३० वरून चौदा-पंधरा मीटरमध्ये उभी राहते. ऐंशी आणि पंधरा. मधल्या पासष्ट मीटरमध्ये आमच्या गावचा अख्खा स्टँड मावतो.

नुसतं थांबण्याचं अंतर हाच प्रश्न असता तरी एक वेळ चाललं असतं. पुढचा ट्रॅक्टर थांबायला बघतो आणि मागचे अठ्ठावीस टन थांबायला तयार नसतात. मग ट्रॅक्टर मधल्या मध्ये आडवा होतो, ट्रॉली त्याच्या अंगावर चढते, ड्रायव्हर स्टिअरिंग आणि मडगार्डच्या बेचक्यात सापडतो. ट्रॅक्टरची डाव्या-उजव्या चाकांची ब्रेकची पेडलं वेगवेगळी असतात, शेतात वळायला सोपं जावं म्हणून. रस्त्यावर येताना त्यांना जोडणारा खटका लावायचा असतो. तो लावायचा राहिला आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला तर आडवं व्हायला तेवढंही पुरतं.

दर हंगामात आमच्याकडे एक कार्यक्रम ठरलेला असतो. बॉयलर पेटतो, गाळपाची पहिली मोळी टाकली जाते आणि मग परिवहन खात्याचे अधिकारी, पोलीस निरीक्षक आणि कारखान्याचे पदाधिकारी एका ट्रॉलीच्या मागे उभे राहून रिफ्लेक्टर चिकटवतात. फोटो छापून येतो. मी रिफ्लेक्टरची टिंगल करत नाही. रात्री बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळून माणसं गेली आहेत आणि लाल पट्टीने काही वाचलीही असतील. पण रिफ्लेक्टर मागून येणाऱ्याला सांगतो की बाबा, सांभाळ. तो सांभाळण्याचं काम दुसऱ्यावर टाकतो. पुढे चालणारी शाळेची मुलं, बाजाराला निघालेली म्हातारी, चौकातला वडापाववाला यांना सांभाळायचं काम ट्रॉलीचं स्वतःचं असतं, आणि त्यासाठी लागणारी वस्तू फोटोत चांगली दिसत नाही. ती चाकाच्या आत असते.

ही अडचण जगात पहिल्यांदा आपल्यालाच आली असंही नाही. मागे जोडलेल्या डब्यांना स्वतःचा ब्रेक हवा की पुढच्या इंजिनाचा पुरे, हा वाद रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी घातला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्माजवळ रविवारच्या शाळेतल्या मुलांची सहलीची गाडी चढावर दमून उभी राहिली. गाडी दोन तुकड्यांत वर न्यायची ठरली. ब्रेकची नळी सगळ्या डब्यांना जोडलेली होती, पण अशा जातीची की डबे सोडवले की त्यांचा ब्रेक गेला. मागच्या डब्यांना आधार उरला तो शेवटच्या डब्यातल्या हातब्रेकचा आणि चाकांखाली लावलेल्या दगडांचा. पुढच्या तुकड्याचा किंचित धक्का बसला, दगड सुटले, डबे उलटे उतारावर धावत सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना सर्व डब्यांवर चालणारा आणि डबे सुटले तर आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. जॉर्ज वेस्टिंगहाउसचा असा स्वयंचलित हवेचा ब्रेक तर १८७२ पासूनच बाजारात होता. कंपन्या खर्चाचं कारण सांगत होत्या.

चढावर पिन निसटलेली ट्रॉली आणि तिच्या चाकाखाली दगड घेऊन धावणारं पोरगं हे दृश्य आपल्याकडे कुठल्याही हंगामात बघायला मिळतं.

ब्रेक बसवायचा ठरवला तर कुठला, हा प्रश्न येतो आणि इथे बरीच गल्लत होते. सगळ्यात स्वस्त आणि साधा म्हणजे रेट्यावर चालणारा ब्रेक. ट्रॉलीच्या दांडीत सरकणारा एक दट्ट्या असतो. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे रेटते, दट्ट्या आत सरकतो आणि सळईने किंवा वायरने चाकांतले ब्रेक ओढतो. ट्रॅक्टरला एकही नळी जोडावी लागत नाही, ट्रॉलीचा रेटाच ट्रॉलीला आवरतो. आजोबांच्या बिरिकाचा हा शिकलेला नातू. युरोपात मोटारीमागे ओढायचा ट्रेलर साडेसातशे किलोंच्या वर गेला की त्याला स्वतःचा ब्रेक लागतो आणि हा रेट्याचा प्रकार साडेतीन टनांपर्यंतच चालतो. त्याच्या वरच्या वजनाला तो पुरत नाही, कारण तो आधी धक्का खातो आणि मग काम करतो. लांब उतारावर तो सतत घासत राहून तापतो. रिव्हर्स घेताना तर त्याला वाटतं आपण उतारावरच आहोत, आणि तो लागतो. त्यासाठी वेगळी खिट्टी किंवा वेगळी रचना लागते. जुगाडासारख्या, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायच्या बैलगाडीवजा, एकट्या छोट्या गाडीला हा ब्रेक ठीक. डबल ट्रॉलीला तो लावून ‘ब्रेक बसवला’ म्हणणं ही फसवणूक होईल, कारण मागच्या ट्रॉलीचा रेटाही पहिलीच्याच दट्ट्यावर येणार.

दुसरा हायड्रॉलिक. ट्रॅक्टरमध्ये ऑइलचा पंप आहेच, डंपिंग ट्रॉलीचा जॅक त्यावरच उचलला जातो. ब्रेक पेडलशी जोडलेला एक व्हॉल्व्ह बसवला की पाय जितका दाबाल तितका दाब ट्रॉलीच्या चाकांपर्यंत जातो. गावातल्या मेकॅनिकला ही भाषा समजते, हा मोठा फायदा. तोटा असा की एकाच नळीची रचना असेल तर नळी फुटली की ब्रेक गेला, आणि पिन निसटून ट्रॉली सुटली तर ती बिनब्रेकचीच सुटणार. काही ठिकाणी पेडलशी न जोडता हाताच्या लिव्हरवर हे चालवतात. ते मला मान्य नाही. आणीबाणीच्या क्षणी माणसाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात.

तिसरा हवेचा, ट्रकला असतो तोच. इंजिनावर छोटा कॉम्प्रेसर, ट्रॅक्टरवर एक टाकी, ट्रॉलीवर एक टाकी आणि मध्ये दोन नळ्या. एक नळी ट्रॉलीची टाकी भरत राहते, दुसरी पेडलचा हुकूम नेते. खुबी अशी की पहिली नळी तुटली किंवा ट्रॉलीच सुटली तर ट्रॉलीवरचा व्हॉल्व्ह स्वतःच्या टाकीतली हवा वापरून ब्रेक लावून टाकतो. आर्माच्या गाडीला जे नव्हतं ते हेच. तीन प्रकारांत महाग हाच, पण डबल ट्रॉली ओढायचीच असेल तर माझ्या मते दुसरा पर्याय नाही. अमेरिकेत बोटी आणि घोडे ओढणाऱ्या ट्रेलरना विजेच्या चुंबकावर चालणारे ब्रेकही असतात, तिथल्या बऱ्याच राज्यांत तीन हजार पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे. तीन हजार पौंड म्हणजे जेमतेम १४ क्विंटल. आमच्याकडे तेवढं तर उसाच्या शेंड्यांचं नुसतं वाडं निघतं.

एक गोष्ट फिटर लोक नेमकी सांगतात: दोन्ही ट्रॉल्यांना मिळून एकच ब्रेकचा संच परवडत असेल तर तो मागच्या ट्रॉलीला लावा. मागून ओढ राहिली की सगळी माळ ताणलेली राहते, मधे दुमडत नाही. आणि ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या ब्रेकच्या केसभर आधी लागायला हवा, नंतर नाही. एवढ्या साध्या गोष्टी आपल्या कुठल्याही हंगामपूर्व बैठकीत कुणी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी एका ट्रॉलीच्या वर्कशॉपमध्ये नव्या ट्रॉलीचं काम बघत उभा होतो. रंग झाला होता. फळीवर मालकाच्या दोन्ही मुलांची नावं, मागे वाघाचं तोंड, चारी कोपऱ्यांत गोंडे. खाली जुन्या ट्रकचा अक्षदंड बसवलेला, चाकांचे ड्रमही जागच्या जागी. मी वाकून बघितलं तर ड्रम मोकळा. लायनर नाही, शू नाही, कॅम नाही. म्हणजे ही चाकं ट्रकखाली होती तेव्हा त्यांना ब्रेक होता आणि ट्रॉलीखाली येताना तो काढून टाकला. मी विचारलं तर मिस्त्री म्हणाला, “मागतच नाही हो कुणी. ठेवला तर जाम होतो, पाचट अडकतं, टायर जळतो, मग मालक माझ्यावरच ओरडतो.” मग जरा थांबून म्हणाला, “साहेब, गोंड्याचे पैसे देतात.”

मिस्त्रीचं चुकत नाही आणि मालकाचंही फारसं नाही. वाहतुकीचा दर टनावर आणि अंतरावर ठरतो. ट्रॉलीवाल्याने आगाऊ उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरचे हप्ते चालू असतात, तोडणी मजुरांचा मुकादम पैसे घेऊन गायब झाला तर तो बुडीत भार वेगळा. खेपेत एक टन जास्त बसला तर चार पैसे जास्त, आणि ब्रेक बसवला तर एक पैसाही जास्त नाही. अशा बाजारात जो ब्रेक बसवेल तो शेजाऱ्यापेक्षा महाग पडेल.

म्हणून कारखाना. ऊस कुठल्या फडातून कुठल्या दिवशी तुटणार हे कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं. तोडणी-वाहतुकीचा करार कारखाना करतो, उचल कारखाना देतो, दर कारखाना ठरवतो आणि तो खर्च एफआरपीतून, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, वजा करून उरलेलं शेतकऱ्याच्या खात्यावर टाकतो. शिवाय प्रत्येक खेपेचं भरलेलं आणि रिकामं वजन कारखान्याच्या काट्यावर, वेळ आणि गाडी नंबरासकट नोंदलं जातं. कोणत्या ट्रॉलीत किती ओव्हरलोड होता याचा लेखी पुरावा कुणी रोज स्वतःच्या हाताने छापत असेल तर तो कारखाना. एवढं सगळं हातात असलेल्याने ‘वाहनं आमच्या मालकीची नाहीत’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

कायद्याचा कल काय आहे तेही बघण्यासारखं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं वजनमर्यादेचं कलम ११३ ट्रेलरलाही लागू आहे आणि ते फक्त चालवणाऱ्याबद्दल बोलत नाही; ‘चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा’ हेही शब्द त्यात आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. सदोष वाहनाच्या कलम १९० मध्येही ट्रेलर आहे आणि ‘चालवू देणारा’ही आहे, पण तिथला साधा दंड दीड हजारांपर्यंतच. त्यातून एक पळवाट राहून गेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वाहन धरलं आहे. नांगरटीपुरतं ते योग्यच. पण तोच ट्रॅक्टर हंगामाचे चार-पाच महिने टनाच्या भाड्याने दुसऱ्याचा ऊस राज्यमार्गावरून ओढतो तेव्हा ती वाहतूक नाही तर काय आहे? ट्रकला ठरावीक मुदतीने फिटनेससाठी उभं राहावं लागतं आणि ट्रकहून जास्त वजन ओढणाऱ्या या माळेला नाही.

नुसत्या दंडावर माझा भरवसा नाही. दंड शेवटी ड्रायव्हरच्या खिशातून जातो, आणि नाक्यावरून तो कसा वळता होतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा करारात दोन ओळी पुरेत. पुढच्या दोन हंगामांनंतर बिनब्रेकच्या डबल ट्रॉलीला ऊस खाली करायला नंबर मिळणार नाही. आणि तोवर, ज्याच्या ट्रॉल्यांना चालू स्थितीतला ब्रेक आहे त्याला टनामागे दहा रुपये जास्त.

दहा रुपयांचं काय होतं ते बघू. रोज वीस टनांची एक खेप आणि १२० दिवसांचा हंगाम धरला तर २,४०० टन, म्हणजे एका ट्रॅक्टरला हंगामाला २४ हजार. दोन-तीन हंगामांत ब्रेकच्या खर्चाचा मोठा हिस्सा फिटावा. आणि शेतकऱ्याला? २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. दहा रुपये म्हणजे त्यातल्या शंभर रुपयांमागे २८ पैसे. मी स्वतः ऊस घालतो. माझ्या बिलातून हे अठ्ठावीस पैसे कापले तर मला कळणारही नाही. काट्यावर आमचे याहून जास्त जातात अशी शिवारात चर्चा असते, ती इथे नको.

मिस्त्रीने सांगितलेल्या अडचणी मात्र खोट्या नाहीत. भरलेल्या ट्रॉलीला जुळवलेला ब्रेक रिकाम्या ट्रॉलीची चाकं जाम करतो. त्यासाठी रिकामी आणि भरलेली अशा दोन जागा असलेला खटका मिळतो, तो ड्रायव्हरने आठवणीने फिरवायला हवा. पाचटाने आणि धुळीने ब्रेक खराब होतात, आठवड्याला साफ करावे लागतात. हे कोण करणार? केन यार्डात गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळपाला टाकायच्या जागी, नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर सहा-सहा, कधी बारा-बारा तास उभे असतात आणि ड्रायव्हर ट्रॉलीखाली सावलीला झोपलेले असतात. कारखान्याने तिथेच एक शेड, एक कॉम्प्रेसर आणि दोन फिटर ठेवले तर ब्रेक बघून व्हायला अर्धा तास पुरतो. नाहीतरी गाडी उभीच आहे.

‘एवढ्या ट्रॉल्यांना ब्रेक लावायचे तर हंगाम बंद पडेल’ असंही ऐकायला मिळतं. राज्याने २०२१-२२ च्या हंगामात १३०० लाख टनांहून जास्त ऊस गाळला. ट्रक आणि बैलगाड्या विसरून सरसकट वीस टनांची खेप धरली तरी ६५ लाख खेपा होतात. एवढं वजन दरवर्षी वेळेत गव्हाणीपर्यंत आणणारी यंत्रणा ज्यांनी उभी केली, त्यांना दोन हंगामांत ब्रेक जमणार नाही हे मला खरं वाटत नाही. तोपर्यंत मधला मार्ग आहेच: ज्या रस्त्यांवर मोठे उतार आहेत तिथे एकच ट्रॉली, मापात भरलेली. खेपा वाढतील, दर थोडा वाढवावा लागेल. पण ब्रेकची मागणीच न करणारा सगळ्यात मोठा गट कुठला असेल तर तो आम्हा ऊस उत्पादकांचा. आम्ही सर्वसाधारण सभेत दर मागतो, सवलतीची साखर मागतो, वजनकाट्यावर भांडतो. आमचाच ऊस कशावरून आणि कसा जातो हे फड रिकामा झाल्यावर आम्ही विचारत नाही.

सभेत आयत्या वेळचे प्रश्न घेत नाहीत, आधी लेखी द्यावे लागतात. यंदा मी दिला आहे. गेल्या हंगामात काट्यावर वजन झालेल्या ट्रॉल्यांपैकी किती ट्रॉल्यांना चालू ब्रेक होते, याची यादी गाडी नंबरासह मिळावी. अर्ज घेणाऱ्या क्लार्कने तो दोनदा वाचला, पोच दिली आणि विचारलं, “ट्रॉलीला ब्रेक असतो होय?”